डिझेल पिकअपने ट्रेलर ओढायचाय? आधी वजन, मग देखभाल, ताकद सगळ्यात शेवटी

अमेरिकेतल्या माझ्या ओळखीच्या मराठी घरांत हल्ली ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचे बेत जोरात चालतात. नॅशनल पार्कच्या आसपासच्या हॉटेलांचे सुट्टीतले भाव पाहिले की कुणीतरी म्हणतंच, ‘आपलाच ट्रेलर घेऊ की!’ मग वापरलेल्या डिझेल पिकअपची शोधाशोध सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: हॉर्सपॉवर किती?

तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. १९८९ साली डॉज पिकअपमध्ये पहिल्यांदा ५.९ लिटरचं कमिन्स बसवलं, तेव्हा ते १६० हॉर्सपॉवर आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क द्यायचं, आणि लोक त्यावर घोडे, गुरं, बोटी सगळं ओढायचे. आज फोर्डचं हाय-आउटपुट पॉवरस्ट्रोक ५०० हॉर्सपॉवर आणि १,२०० पाउंड-फूट देतं. ताकद कुठल्याच गाडीत कमी नाही. गाडी अडते ती वजनात, उष्णतेत आणि ब्रेकमध्ये. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

गाड्या मुख्यतः तीन: रॅम २५००/३५०० मधलं ६.७ कमिन्स, फोर्ड एफ-२५०/एफ-३५० मधलं ६.७ पॉवरस्ट्रोक आणि शेवरले-जीएमसीमधलं ६.६ ड्युरामॅक्स. कमिन्स हे नाव पुणेकरांना कोथरूडमुळे घरचं वाटतं. किर्लोस्कर कमिन्स तिथे १९६२ पासून. रॅममधलं इंजिन मात्र इंडियानातल्या कोलंबसजवळ बनतं. आपलेपणामुळे रॅम घ्या असं मी म्हणणार नाही. तिन्ही चांगल्या आहेत आणि तिन्हींच्या खोडी वेगवेगळ्या आहेत.

१. ड्रायव्हरच्या दारातला स्टिकर वाचा

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘१८,००० पाउंड ओढते’. तो आकडा तुमच्या कामाचा जवळपास नसतोच. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या माहितीचा पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा स्टिकर असतो आणि त्यावर एक वाक्य: माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये. हाच तुमचा पेलोड. तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. सनरूफ, लेदर सीट, फोर-व्हील ड्राइव्ह अशी चैन वाढली की पेलोड कमी होतो. डिझेल इंजिन स्वतःच जड असल्यामुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा पेलोड बरेचदा जास्त असतो, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही.

आता हिशोब करू. चार दारांच्या २५०० डिझेलवर २,०५० पाउंड लिहिलंय असं धरा, म्हणजे साधारण ९३० किलो. घरातली चार माणसं ६०० पाउंड. उरले १,४५०. ट्रेलरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या वेट-डिस्ट्रिब्युशन हिचचा सांगाडा १०० पाउंड, मागच्या हौद्यातला कूलर, हत्यारं, छोटा जनरेटर, खुर्च्या मिळून २५०. उरले १,१००. ट्रेलर भरलेला ८,००० पाउंडांचा असेल, तर त्याच्या दांड्याचं वजन, म्हणजे टंग वेट, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवं. १३ टक्के धरले तर १,०४०. शिल्लक फक्त ६० पाउंड. कागदावर १८,००० ओढणारी गाडी ८,००० लाच भरली.

फिफ्थ-व्हील ट्रेलरचा भार हौद्यात, मागच्या चाकांच्या वर पडतो आणि तो १५ ते २५ टक्के असतो. १२,००० पाउंडांच्या फिफ्थ-व्हीलचे २० टक्के म्हणजे २,४००. वरच्या २५०० ला ते झेपणारच नाही, हॉर्सपॉवर कितीही असो. मनात फिफ्थ-व्हील असेल तर सरळ ३५०० बघा. मोठा ट्रेलर असेल तर मागे चार चाकांची ड्युअली.

ट्रेलर विकणारा ‘ड्राय वेट’ सांगेल. त्यात पाणी नसतं, तुमचं सामान नसतं. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पाउंड वाढले. त्यात आपल्या घरचं स्वयंपाकघर: कुकर, पिठाची पिशवी, तांदूळ, मिक्सर, पातेली. ड्राय वेटवर हिशोब करू नका. ट्रेलरच्या प्लेटवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती, तोच धरा.

२. कॅट स्केलवर वजन करून घ्या

हिशोब जमला की प्रत्यक्ष वजन. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल हा ट्रकांचा वजनकाटा असतो. अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत उभं राहायला पहिल्यांदा बिचकायला होतं, पण खासगी गाड्यांनाही तो खुला असतो.

पहिल्या पट्टीवर पिकअपची पुढची चाकं, दुसरीवर मागची, तिसरीवर ट्रेलरची अशी गाडी उभी करा. इंटरकॉमचं बटण दाबून खासगी गाडी आहे असं सांगा, किंवा कंपनीच्या ‘वे माय ट्रक’ अॅपवरून पैसे भरा. नंतर हिचच्या स्प्रिंग-बार सैल करून पुन्हा वजन करा. तिसऱ्यांदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या पिकअपचं. त्याच दिवशीच्या पुढच्या वजनांना पैसे कमी पडतात.

बार सैल असतानाचं पिकअपच्या दोन्ही अॅक्सलचं वजन, वजा नुसत्या पिकअपचं वजन, म्हणजे खरं टंग वेट. पहिल्या पावतीतला मागच्या अॅक्सलचा आकडा दारावरच्या दुसऱ्या स्टिकरवरच्या मागच्या जीएडब्ल्यूआरपेक्षा, म्हणजे त्या अॅक्सलला झेपणाऱ्या कमाल भारापेक्षा, कमी आहे ना, ते पाहा. पुढच्या चाकांवरचं वजन ट्रेलर जोडल्यावर फार घटलेलं असेल तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि पावसात ते धोक्याचं. मग बारचा ताण वाढवायचा. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, म्हणून ट्रेलरमधलं जड सामान अॅक्सलच्या जरा पुढे ठेवा. मागच्या बंपरवर सायकली लटकवायचा मोह टाळा.

पावत्या जपून ठेवा.

३. वापरलेली गाडी घेताना

काही वर्षांच्या गाड्यांबद्दल आधीच माहिती असलेली बरी.

- फोर्डचं ६.० लिटर, २००३ ते २००७: ऑइल कूलर तुंबतो, त्यापाठोपाठ ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा) जातो, मग हेड गॅस्केट. हे सगळं आधीच्या मालकाने पावत्यांसह दुरुस्त केलेलं नसेल तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.
- ड्युरामॅक्स एलबी७, २००१ ते २००४: इंजेक्टर खराब होतात.
- ड्युरामॅक्स एलएमएल, २०११ ते २०१६, आणि फोर्ड ६.७: सीपी४ हा उच्चदाबाचा पंप. तो आतून झिजला की धातूचा चुरा टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे पसरतो आणि दुरुस्ती हजारो डॉलरांत जाते. २०१९ आणि २०२० च्या रॅममध्येही हाच पंप होता, पुढे रिकॉल होऊन त्याजागी जुना सीपी३ पंप बसवून मिळाला. तुमच्या गाडीचं ते काम झालंय का, हे गाडीचा व्हीआयएन नंबर टाकून एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर दिसतं.
- रॅम ६.७: इनटेकमधल्या, आत येणारी हवा तापवणाऱ्या ग्रिड हीटरचा बोल्ट. उष्णतेने त्याचं टोक सुटून इंजिनात पडतं, बहुधा सहाव्या सिलिंडरमध्ये. गाडी घेतल्यावर जाणकाराकडून तो तपासून घ्या. बदलायचे किट मिळतात.

आणखी एक सापळा म्हणजे ‘डिलीट’ केलेली गाडी, जिचा धूर साफ करणारी यंत्रणा काढून टाकलेली असते. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ, म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर, जागेवर असेल तर बोट जवळपास स्वच्छ राहतं. काजळी लागली तर दाल में काला आहे. अशी गाडी कॅलिफोर्नियात रजिस्टर करायला गेलात तर स्मॉग टेस्टमध्येच अडकेल. तिथे १९९८ आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल पिकअपना दर दोन वर्षांनी ती द्यावी लागते.

पैसे देण्याआधी डिझेल जाणणाऱ्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्याच. साध्या गॅरेजवाल्याचा सल्ला इथे पुरत नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रं:
- पिकअप आणि ट्रेलर, दोन्हींचं टायटल आणि रजिस्ट्रेशन
- दोन्हींचा विमा. ओढताना समोरच्याचं नुकसान बहुधा पिकअपच्या पॉलिसीत येतं, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान येत नाही. त्याची पॉलिसी वेगळी.
- कॅट स्केलच्या पावत्या
- गाडीचं मॅन्युअल आणि त्यासोबतची डिझेलची वेगळी पुस्तिका. वापरलेल्या गाडीत ती हमखास गायब असते, कंपनीच्या साइटवरून फुकट उतरवता येते.
- तेल, फिल्टर, टायरच्या पावत्या, तारीख आणि मैल लिहून

लायसन्सचंही बघा. बहुतेक राज्यांत साधं लायसन्स पुरतं, पण कॅलिफोर्नियात १०,००० पाउंडांवरच्या ट्रेलरला वेगळं लायसन्स किंवा एंडोर्समेंट लागतं. टेक्सासमध्ये गाडी आणि ट्रेलर मिळून क्षमता २६,००० पाउंडांच्या वर आणि त्यात ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर क्लास ए.

४. पंपावर

अमेरिकेत डिझेलचा नोझल बहुतेक ठिकाणी हिरवा असतो, पण बीपीच्या पंपांवर पेट्रोलचे नोझल हिरवे असतात. रंगावर जाऊ नका, नाव वाचा. लाल रंग मिसळलेलं डिझेल शेतीच्या यंत्रांसाठी करमुक्त विकतात. ते रस्त्यावरच्या गाडीत घालणं बेकायदा आहे.

२०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत डिझेलशेजारीच निळ्या झाकणाची डीईएफची टाकी असते. रॅम २५०० मध्ये ती २०१३ पासून आली. डीईएफ म्हणजे धूर साफ करायला त्यात फवारलं जाणारं द्रव, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ट्रेलर ओढताना ते जास्त लागतं, त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघताना टाकी भरून घ्या. खोक्यावरची तारीख बघा. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये तापलेलं, वर्षाहून जुनं डीईएफ वापरू नका.

घाईत डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं, तर चावी फिरवू नका. ‘ऑन’ सुद्धा करू नका, कारण तेवढ्यानेही टाकीतून इंधन ओढणारा लिफ्ट पंप चालू होऊन ते पुढे जातं. तिथूनच टो ट्रक बोलवा. टाकी धुण्याचा खर्च वेगळा आणि अख्खी इंधन यंत्रणा बदलण्याचा वेगळा.

५. इंधनाचे फिल्टर आणि पाणी

डिझेल गाडीत पैसे वाचवायचेच असतील तर बाकी कुठेही वाचवा, इंधनाच्या फिल्टरवर नको. आजच्या कॉमन-रेल इंजिनांत इंधनाचा दाब २५,००० पीएसआयच्या वर जातो. पंपातल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलकडूनच. पाण्यात वंगण नाही. २००६ पासून इथल्या डिझेलमध्ये गंधक १५ पीपीएमवर आणलंय. हवेसाठी ते उत्तम झालं, पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळ स्निग्धपणाही कमी होतो. म्हणून मी प्रत्येक टाकीला वंगण वाढवणारं अॅडिटिव्ह घालतो, सीपी४ असलेल्या गाडीला तर न चुकता.

फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी साठतं. ते काढायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. फ्रेमला लागून असलेल्या डब्याखाली स्वच्छ काचेची बरणी धरा. तळाचा छोटा व्हॉल्व्ह पाव वळसा फिरवा. पहिली धार बरणीत पडू द्या आणि बंद करा. बरणी सपाट जागी दोन मिनिटं ठेवून उजेडात बघा. पाणी जड, ते तळाशी बसतं. वर पिवळसर डिझेल आणि दोघांमध्ये स्पष्ट रेघ दिसते. तळाला पाण्याचा थर दिसला तर पुन्हा सोडा, धार नुसत्या डिझेलची होईपर्यंत. बरणीत चकाकणारे बारीक कण दिसले तर मात्र गाडी चालू करू नका. तो पंपाच्या धातूचा चुरा असू शकतो. तसाच मेकॅनिकला फोन करा.

२०१३ नंतरच्या रॅममध्ये दोन फिल्टर आहेत, एक इंजिनावर आणि एक मागे फ्रेमवर. फोर्ड ६.७ मध्येही दोन. दुकानदार एकच बदलून दोन्हींची खूण करतो असं घडतं, म्हणून जुने दोन्ही फिल्टर परत मागा. ओढणाऱ्या गाडीला मी १५,००० मैल हीच मर्यादा धरतो. नवा फिल्टर बसवताना तो बाहेरून डिझेलने भरू नका. त्या डिझेलमधली धूळ थेट इंजेक्टरकडे जाते. चावी तीन-चार वेळा ‘ऑन’ करून लिफ्ट पंपाला तो भरू द्या.

आणि इंजिन चालू असताना इंधनाची गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाची सुईसारखी धार कातडी फोडून आत जाते. मग हॉस्पिटल गाठावंच लागतं.

६. इंजिन ऑइल

कमिन्स ६.७ ला १२ क्वार्ट, पॉवरस्ट्रोक ६.७ ला १३, ड्युरामॅक्सला १०. कारसाठी घेतलेला तेल झेलायचा ट्रे इथे भरून वाहतो. १६ क्वार्टचा तरी घ्या. डब्यावर सीके-४ हवं, फोर्डला त्यांचं डब्ल्यूएसएस-एम२सी१७१-एफ१ हे मानकही. दुकानात शेजारीच एफए-४ चे डबे असतात, तेही डिझेलचेच. ते पातळ तेल या गाड्यांसाठी नाही.

कंपनी म्हणेल गाडी स्वतः सांगेपर्यंत थांबा. ट्रेलर ओढत असाल तर ५,००० ते ७,५०० मैलांत बदला. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. डीपीएफ साफ करताना मागाहून फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतंय, असा त्याचा अर्थ.

७. गिअरबॉक्स, कूलंट, मागचा अॅक्सल

ट्रेलर ओढताना मार खातो तो गिअरबॉक्स. तेल १६० ते २०० फॅरनहाइटमध्ये असेल तर ठीक, २२० च्या वर सतत राहायला लागलं तर वेग कमी करा. टो-हॉल मोड चालू ठेवा. त्याने गिअर वारंवार वरखाली होत नाही आणि उष्णता कमी होते.

रॅमच्या ६८आरएफई या गिअरबॉक्समध्ये दोन फिल्टर असतात आणि दोन्ही मिळवायला तेलाचा ट्रे उतरवावा लागतो. शेवरलेच्या अॅलिसन गिअरबॉक्सचा फिरवून बसवायचा फिल्टर बाहेरूनच निघतो, हे त्याचं सुख. कंपनीने ‘आयुष्यभराचं तेल’ म्हटलं असलं तरी ओढणाऱ्या गाडीत ५०,०००–६०,००० मैलांवर बदला. मागच्या अॅक्सलचं तेल त्याहून आधी.

कूलंटचे रंग फसवे असतात. रॅमने २०१३ मध्ये कूलंटचा प्रकार बदलला. जुना आणि नवा मिसळला तर आत गाळ धरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच घाला. कमिन्सला आणखी एक फिल्टर असतो, इंजिनाच्या वर, सीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ गाळणारा. ६७,५०० मैलांना तो बदलायचा असतो आणि बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं.

८. डीपीएफ आणि रिजन

डीपीएफमध्ये काजळी साठते आणि ठरावीक प्रमाणानंतर गाडी ती जाळून टाकते, याला रिजन म्हणतात. ट्रेलर ओढणं या यंत्रणेला मानवतं, कारण धूर गरम असतो. तिला मारक म्हणजे मुलांना शाळेत सोडणं, दुकान, परत घर, आणि उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवणं. गाडी रोज छोट्या फेऱ्यांना वापरत असाल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेवर न्या. रिजन चालू असताना मायलेज घसरतं, थांबल्यावर गरम वास येतो. तेव्हा बंद करू नका, पूर्ण होऊ द्या. आणि वाळक्या गवतावर उभी करू नका.

‘हे सगळं काढून टाक, मायलेज वाढेल’ असा सल्ला देणारे भेटतील. क्लीन एअर अॅक्टखाली हे बेकायदा आहे. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६,३०,००० रॅम गाड्यांतल्या सॉफ्टवेअरबद्दल खुद्द कमिन्सला १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य करावा लागला. या कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की ट्रेलरच्या मागच्या गाडीत, कॅम्पग्राउंडवरच्या शेजारच्या तंबूत तो धूर कुणाची तरी मुलं घेतात.

९. हिच, टायर, ब्रेक

लागणारी हत्यारं:
- २५० पाउंड-फूटपर्यंतचा टॉर्क रेंच. या गाड्यांचे व्हील-नट १३० ते १६५ पाउंड-फूटला घट्ट करायचे असतात, कारचा रेंच पुरत नाही.
- १०० पीएसआयच्या वर मोजणारा हवेचा गेज
- चाकाची उष्णता मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर
- ग्रीस गन
- रॅमला अल्फाओबीडी, फोर्डला फोरस्कॅन हे अॅप आणि त्याचा अॅडॅप्टर

ट्रेलरचे टायर ‘एसटी’ प्रकारचे असतात. टायरवर वेगाची खूण नसेल तर मर्यादा ताशी ६५ मैल धरा. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर असेल तर ५५ चाच कायदा आहे. टायरच्या बाजूला डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात: ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, पाच-सहा वर्षांनी बदला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हात वाळून फुटतात. हवा नेहमी टायर थंड असताना भरा. पिकअपला लोड रेंज ई चेच, म्हणजे जड भाराचे, टायर हवेत.

जोडताना हिचच्या बॉलचा आकार ट्रेलरच्या कपलरवर कोरलाय तोच असू द्या, दोन इंच आणि दोन-पाच-सोळांश यांची गल्लत होते. कपलर बंद केल्यावर ट्रेलरचा जॅक पुन्हा वर घ्या. पिकअपचा मागचा भाग ट्रेलरबरोबर उचलला गेला तरच पकड नीट बसली आहे. साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावा. ब्रेकअवेची केबल साखळीला किंवा हिचला लावू नका, पिकअपला वेगळी अडकवा. हिच निसटला तर तिनेच ट्रेलरचे ब्रेक लागायचे आहेत.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर मोकळ्या पार्किंगमध्ये लावून घ्या. ताशी २० मैलांवर फक्त हाताचा लिव्हर दाबा. ट्रेलरने गाडीला ठामपणे मागे खेचावं, चाकं घसरू नयेत. घसरली तर गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, कमी करा. पुढे ५० मैलांवर थांबून नट पुन्हा तपासा आणि हबवर थर्मामीटर धरा. एक चाक बाकीच्यांहून बरंच गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय.

१०. आता अपग्रेड

इथे मी क्रम ठाम सांगतो.

सगळ्यात आधी गेज. धुराची, गिअरबॉक्सच्या तेलाची आणि कूलंटची उष्णता आकड्यांत दाखवणारा मॉनिटर. धूर १,२५० फॅरनहाइटच्या वर फार वेळ राहू देऊ नका. गाडीतला दिवा लागतो तेव्हा बरंच उशीर झालेला असतो.

मग इंधन. २०१६ पर्यंतच्या ड्युरामॅक्समध्ये कंपनीचा लिफ्ट पंपच नाही, तो बसवून घ्या. सीपी४ असेल तर चुरा इंजेक्टरकडे न जाता टाकीकडे वळवणारं किट बसवा. पंप वाचत नाही, पण बाकीचं वाचतं.

नंतर मागच्या चाकांना एअरबॅग किंवा रबरी हेल्पर स्प्रिंग. गाडी सरळ राहते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाहीत. पण दारातला पेलोड त्याने एक पाउंडही वाढत नाही, दुकानदार काहीही म्हणो. त्यानंतर चांगले ब्रेक पॅड, मोठे टोइंग आरसे, मोठा गिअरबॉक्स पॅन.

पुढची उंची वाढवणारं लेव्हलिंग किट ओढणाऱ्या गाडीला नको, ट्रेलर जोडला की नाक वर होतं. ३५ इंची टायर नकोत. चाक मोठं झालं की गिअरचं गुणोत्तर बदलतं आणि ४.१० ची गाडी ३.७३ सारखी वागायला लागते. ताकद वाढवणारे ट्यूनर तर नकोच. ६८आरएफईसारखा गिअरबॉक्स त्या टॉर्कला बांधलेला नाही आणि वॉरंटी नाकारायला डीलरला कारण मिळतं.

११. घाट

कोलोरॅडोत आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना सात टक्के चढ लागतो. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बोमुळे डिझेल तिथेही दमत नाही, खरी परीक्षा उतरताना. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा आपल्या खंडाळा-कसाऱ्याच्या ट्रकवाल्यांचा नियम इथेही तंतोतंत लागू पडतो. माथ्यावरच वेग कमी करा, टो-हॉल आणि एग्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग कमी करणारा) दोन्ही चालू करा आणि पायाचा ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून सोडा, सतत टेकवून ठेवू नका. रबर जळाल्यासारखा वास आला तर पहिल्या रुंद जागी थांबा.

एग्झॉस्ट ब्रेक रिकाम्या गाडीतही वापरत जा. टर्बोच्या आतली पाती हलती राहतात, काजळीने अडकत नाहीत. मोठा चढ संपवून थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. तापलेल्या टर्बोत तेल फिरत राहायला हवं.

१२. थंडी

मिनेसोटा, मिशिगन, कॅनडाकडे राहणाऱ्यांसाठी. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो. टेक्सासमध्ये भरलेली टाकी घेऊन डिसेंबरात उत्तरेला निघालात तर वाटेतच टाकी संपवून तिथलं हिवाळी मिश्रण भरा. जेलविरोधी अॅडिटिव्ह गोठण्याआधी घालायचं असतं. पॉवर सर्व्हिसची पांढरी बाटली आधीसाठी, लाल बाटली गोठल्यानंतरसाठी. लाल बाटली आणि एक जादा इंधन फिल्टर गाडीत असू द्या.

ब्लॉक हीटरची वायर पुढच्या ग्रिलमध्ये असते. कमिन्सचा ७५० वॅटचा आहे, रात्रभर लावायची गरज नाही. टायमरने सकाळी निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. बॅटऱ्या दोन असतात आणि एक गेली तरी दोन्ही एकदम बदला, नाहीतर जुनी नवीला खाते. डीईएफ उणे ११ सेल्सिअसला गोठतं, पण त्याच्या टाकीला स्वतःचा हीटर आहे. त्यात काहीही मिसळू नका.